सामान गाडीत चढलं आणि हिशोब दुप्पट झाला : पुणे ते नागपूर स्थलांतराचं एक प्रकरण

हे प्रकरण एका ओळखीच्या कुटुंबाचं आहे. त्यांना विचारूनच लिहितो आहे. नावं, कंपनी आणि नेमकं वर्ष गाळलं आहे. घरातल्या बाईंना इथे ताई म्हणतो, त्यांच्या यजमानांना दादा आणि दादांच्या आईंना आजी. लेक सातवी पास होऊन आठवीत जाणार होती. मी यात शिरलो तो सामान अडकल्यावर, एका रात्री साडेदहाला ताईंचा फोन आला तेव्हा. त्याआधीचं सगळं व्हॉट्सॲपवरचे निरोप, पावत्या आणि नवराबायकोच्या एकमेकांशी फारशा न जुळणाऱ्या आठवणी यांवरून लावलं आहे.

पार्श्वभूमी

पुण्यात सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावरचा भाड्याचा दोन बेडरूमचा फ्लॅट, सात वर्षांचा संसार. ताईंना नागपूरला बढतीवर जायचं होतं, २ जूनला रुजू व्हायचं होतं. दादांचं काम घरून चालतं, त्यामुळे सगळंच कुटुंब हलणार होतं. घराचा अकरा महिन्यांचा करार ३१ मेला संपत होता.

ताईंच्या कंपनीने स्थलांतरासाठी ३०,००० रुपये ठोक दिले होते. बिल दाखवा, तेवढे घ्या, अशी पद्धत नव्हती. खर्च कमी झाला तर उरलेले आपले, जास्त झाला तर वरचे खिशातून. हा तीस हजारांचा आकडा नीट लक्षात ठेवा. पुढचे बरेच निर्णय त्याच आकड्याने घेतले, माणसांनी नाही.

तयारीतल्या काही गोष्टी त्यांनी फार छान केल्या होत्या. गॅसचं कनेक्शन वेळेत जमा करून अनामत परत घेतली आणि बदलीचं व्हाउचर हातात ठेवलं. सिलिंडर सामानाच्या गाडीत टाकायचा नसतो हे त्यांना माहीत होतं. स्कूटर पुणे स्टेशनच्या पार्सल ऑफिसातून रेल्वेने पाठवली. टाकी रिकामी, आरसी बुकाची आणि ओळखपत्राची प्रत जोडलेली, गोणपाट गुंडाळलेलं. दोन दिवसांत ती नागपूर स्टेशनवर उभी होती. या सगळ्या प्रकरणात एकही शब्द न बोलता पोचलेली वस्तू तेवढीच.

समोर असलेले पर्याय

मेच्या दुसऱ्या आठवड्यात ताईंनी इंटरनेटवर एका ठिकाणी फोन नंबर टाकला. पंधरा मिनिटांत अकरा फोन. अशा ठिकाणी तुमचा नंबर एकाच वेळी अनेकांना विकला जातो, हे तेव्हा त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना वाटलं, वा, किती तत्पर माणसं आहेत.

चाळणी लावून चार पर्याय उरले.

पहिला, ट्रान्सपोर्टवाल्याकडून सरळ चौदा फुटी गाडी ठरवायची, खोकी आपण भरायची, दोन्हीकडे हमाल आपण लावायचे. हा स्वस्त पडला असता, पण आजींचा गुडघा, दादांची पाठ आणि ताईंची शेवटच्या दिवसापर्यंतची ड्यूटी, हे पाहता कोणी मनावर घेतला नाही.

दुसरा, पार्ट लोड. एकाच गाडीत तीन-चार घरांचं सामान जातं, भाडं वाटलं जातं. यात पोचण्याची तारीख कोणी ठाम सांगत नव्हतं, आठ ते बारा दिवस म्हणत होते.

तिसरा, एक जुनी कंपनी. तिचा माणूस घरी आला, चाळीस मिनिटं बसला, कपाटं उघडून पाहिली, पलंग कसा सुटतो ते विचारलं, लिफ्टचं दार टेपने मोजलं आणि म्हणाला, "कपाट यात मावणार नाही, जिन्याने न्यावं लागेल." भाव दिला ३८,५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ४५,४३०. विमा वेगळा, त्याची पॉलिसी विमा कंपनीच्या नावाने मिळेल, असंही त्याने सांगितलं.

चौथा, फोनवरचा भाव. २४,५००, "सब मिलाके." घरी यायची गरज नाही, व्हॉट्सॲपवर सामान सांगा. त्यांच्या कार्डावर नाव एका प्रसिद्ध कंपनीच्या नावाशी एका अक्षराने वेगळं होतं, आणि खाली "आयबीए अप्रूव्ह्ड" असा शिक्का. आयबीए ही बँकांची संघटना. ती ट्रान्सपोर्टवाल्यांची जी यादी ठेवते, ती बँकांनी कोणाच्या बिल्टीवर, म्हणजे माल घेतल्याच्या पावतीवर, विश्वास ठेवावा यासाठी असते. घरगुती सामान कोण जपून नेतो, याचं ते प्रशस्तिपत्र नव्हे. आणि कार्डावर छापायला छपाईचा खर्च सोडला तर काहीच लागत नाही.

भाव निवडला तो दिवस

पहिलं वळण इथे. दादा तिसऱ्या पर्यायाकडे झुकले होते. ताईंचं म्हणणं, एवढे जास्त का द्यायचे, सामान तर तेच आहे. वाद झाला नाही, कारण तीस हजारांच्या आकड्यापुढे वाद टिकत नव्हता. २४,५०० दिले तर साडेपाच हजार उरणार होते, आणि त्यांतून नागपूरच्या घराचे पडदे होणार होते.

चौथ्या पर्यायवाल्याला ताईंनी सामानाची यादी पाठवली ती अशी: "फ्रिज, वॉशिंग मशीन, कूलर, २ पलंग, १ कपाट, सोफा, टीव्ही, किचन, कपडे, थोडी पुस्तकं." उत्तर आलं, "ओके मॅडम. ४०० सीएफटी. २४५००." सीएफटी म्हणजे घनफूट, सामानाने गाडीत अडवलेली जागा. पॅकिंग, चढवणं, उतरवणं, टोल, कर यांपैकी काय धरलं आहे, याचा उल्लेखही नाही. "सब मिलाके" हे फोनवर बोललं गेलं होतं, लिहिलं गेलं नव्हतं.

या निरोपातली चूक एकाच बाजूची नाही. "थोडी पुस्तकं" म्हणजे प्रत्यक्षात चौदा खोकी निघाली. दादांना पुस्तकांचं वेड आहे, आणि ताईंना ते कमी करून सांगायची सवय आहे. शिवाय आजींचं शिलाई मशीन यादीत नव्हतंच. हे मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे वाटाघाटीत नेमकी हीच दुखरी नस समोरच्याने धरली.

५,००० रुपये आगाऊ गेले. यूपीआयवर नाव आलं ते कंपनीचं नाही, एका व्यक्तीचं. दादांनी विचारलं तर उत्तर मिळालं, "अकाउंटंटचा नंबर आहे." दादांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी पैसे पाठवले. याच माणसाने वर सुचवलं होतं, "मॅडम, ऑफिस में दिखाने के लिए बिल जितने का चाहिए बना देंगे." ताईंना बिलाची गरजच नव्हती, त्यामुळे त्यांनी ते हसून सोडून दिलं. मी तिथे असतो तर त्याच वाक्यावर फोन ठेवला असता.

सामान चढवण्याचा दिवस

२८ मे. सकाळी नऊची वेळ ठरलेली. गाडी आली दुपारी चारला. चौदा फुटी बंद गाडी, चार पोरं आणि एक मुकादम. पोरं बिचारी चांगली होती. आजींनी त्यांना दोनदा चहा दिला, एकाला ताप होता तर गोळी दिली. कपाट लिफ्टमध्ये मावलं नाही. जिन्याने उतरवायचे म्हणून चहापाण्याला १,२०० रुपये गेले.

घाई झाली होती. रात्रीच्या गाडीचं आरक्षण होतं. त्या घाईत तीन गोष्टी घडल्या आणि तिन्ही नंतर महागात पडल्या.

एक, आजींची औषधं. रक्तदाबाच्या महिनाभराच्या गोळ्या त्यांच्या खोलीतल्या टेबलाच्या खणात होत्या. पोरांनी खणासकट टेबल गुंडाळलं.

दोन, लेकीचा शाळा सोडल्याचा दाखला. तो स्टीलच्या कपाटाच्या लॉकरमध्ये "सुरक्षित" ठेवला होता. कपाट गाडीत गेलं, किल्ली ताईंच्या पर्समध्ये राहिली.

तीन, बिल्टी. सामान घेतल्याची पावती मागितली तेव्हा मुकादम म्हणाला, ती ऑफिसातून व्हॉट्सॲपवर येईल. त्याने एका वहीच्या पानावर "५१ नग" असं लिहून सही केली आणि दादांचीही घेतली. त्या पानाची प्रत कुटुंबाकडे राहिली नाही.

दोन गोष्टी मात्र योगायोगाने चांगल्या झाल्या. सकाळी गाडीची वाट पाहून कंटाळलेल्या लेकीने मोबाइलवर घराचा निरोपाचा व्हिडिओ काढला, खोल्या, भिंतीवरच्या तिच्या उंचीच्या पेन्सिलखुणा, बाल्कनी, कुंड्या. संध्याकाळी सामान चढताना तिने गाडीचाही काढला, आतून. आणि सोसायटीच्या गेटवर राखणदाराने रजिस्टरमध्ये गाडीचा नंबर, वेळ आणि मुकादमाचा मोबाइल नंबर लिहून घेतला होता. ते त्याचं रोजचंच काम.

सगळे त्या रात्री रेल्वेत बसले. गाडीबरोबर कोणीच राहिलं नाही.

अडचण

३० मेला सामान पोचायचं होतं. पोचलं नाही. "रास्ते में है." ३१ तारखेला सकाळी फोन आला. गाडी पुण्याबाहेरच्या गोडाउनमध्येच होती आणि हिशोब बदलला होता.

सामान ६१० घनफूट निघालं, म्हणजे २१० घनफूट जास्त, ६० रुपये दराने १२,६००. त्यामुळे भाडं ३७,१००. त्यावर १८ टक्के जीएसटी ६,६७८. दोन लाखांच्या सामानावर तीन टक्के विमा, ६,०००. आणि इ-वे बिल, म्हणजे माल नेताना लागणारा जीएसटीचा कागद, नसल्याने दंड लागला म्हणून ५,०००. एकूण ५४,७७८. आगाऊ रक्कम वजा जाता ४९,७७८ आधी भरा, मग गाडी निघेल. उशीर झाला तर गोडाउनचं भाडं रोज १,५०० लागेल.

नागपुरात त्या आठवड्यात भट्टी पेटली होती. रिकाम्या घरात चार माणसं, आणि कूलर पुण्याच्या गोडाउनमध्ये. घरमालकिणीने पत्ता दिला तशी दादांनी बिछायत केंद्रातून गाद्या आणल्या आणि कूलर भाड्याने घेतला. आजींच्या गोळ्या संपल्या होत्या. त्यांचा जुना कागद औषधांबरोबरच खणात, मग पुण्याच्या डॉक्टरांकडून नव्याने लिहून मागवला. शाळेने दाखल्याशिवाय प्रवेश पक्का करता येणार नाही असं सांगितलं होतं.

समोरच्या माणसाला हे सगळं माहीत होतं. ताईंनीच रडत सांगितलं होतं, "अहो, आईंची औषधं आहेत हो त्यात, मुलीचा दाखला आहे." माणूस असाच बोलतो. पण त्या वाक्यानंतर गोडाउनचं भाडं १,५०० वरून २,००० झालं.

त्या रात्री कोणते रस्ते होते

मला फोन आला तोवर दादा पोलिसांत जाऊन आले होते. नागपूरच्या ठाण्यात त्यांना ऐकवलं गेलं की व्यवहार पुण्याचा, शिवाय हा दिवाणी मामला, पैशाचा वाद. ताई पूर्ण पैसे भरायला तयार होत्या. दादा म्हणत होते, एक पैसा देणार नाही, कोर्टात खेचतो.

दोघांचं ऐकून मी एकच विचारलं: पैसे भरले आणि तरी गाडी निघाली नाही, तर काय कराल? कोणी बोललं नाही. पूर्ण रक्कम आधी भरणं हा सगळ्यात वाईट रस्ता, कारण पैसे मिळाल्यावर त्या माणसाला सामान सोडण्याचं काही कारणच उरत नाही. आणि कोर्टाचा रस्ता बरोबर असला तरी त्या रस्त्याने आजींचा कूलर पावसाळ्यात आला असता.

मग आम्ही कागद घेऊन बसलो, म्हणजे ते नागपुरात आणि मी फोनवर. त्याच्या हिशोबातली एकेक ओळ तपासली.

इ-वे बिल. वापरलेल्या घरगुती सामानाला इ-वे बिल लागतच नाही, जीएसटीच्या नियमांतच तशी सूट आहे. शिवाय गाडी गोडाउनमध्ये उभी आहे असं तोच म्हणत होता. उभ्या गाडीला दंड कोणी केला?

विमा. पॉलिसी नंबर आणि विमा कंपनीचं नाव मागायचं. पॅकर्सवाला स्वतः विमा विकू शकत नाही, तो फार तर काढून देऊ शकतो. ताईंनी दोन लाखांचा आकडा कुठेही लिहून दिला नव्हता.

घनफूट. इथे लेकीचा व्हिडिओ कामी आला. चौदा फूट लांब, सहा फूट रुंद, सहा फूट उंच अशा गाडीत छतापर्यंत ठासून भरलं तरी १४ गुणिले ६ गुणिले ६, म्हणजे ५०४ घनफूट मावतात. ६१० येणार कुठून? व्हिडिओत दाराजवळची साधारण दोन फूट जागा मोकळी दिसत होती. म्हणजे बारा फूट भरलेली, ४३२. ठरल्यापेक्षा ३२ जास्त. ६० च्या दराने १,९२०.

ही जास्तीची ३२ घनफूट जागा खरीच होती. पुस्तकं आणि शिलाई मशीन. दादा तेही द्यायला तयार नव्हते. माझं मत पडलं की द्यायचे, आणि आधीच कबूल करायचे. जी गोष्ट आपल्याकडून चुकली ती मान्य केली की बाकीच्या हिशोबावर ताठ बोलता येतं.

जीएसटी. "सब मिलाके" तोंडी होतं. सिद्ध करता येणार नव्हतं. सोडून दिलं.

काय केलं

दुसऱ्या दिवशी सकाळी चार गोष्टी एकदम केल्या, एकामागून एक नव्हे.

पुण्यात ज्या ठाण्याच्या हद्दीत सामान चढलं, तिथे ईमेलने लेखी अर्ज पाठवला. त्यात गाडीचा नंबर, मुकादमाचा मोबाइल, यूपीआयची नोंद, व्हिडिओतली चित्रं. शब्द मोजून वापरले. "पैशाचा वाद" असं न लिहिता, "वाहतुकीसाठी विश्वासाने सोपवलेला माल रोखून जादा रकमेची मागणी" असं लिहिलं. वाहतूकदाराने सोपवलेल्या मालाचा अपहार केला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ (३) मध्ये त्याची वेगळी तरतूद आहे, तिचा उल्लेख केला. नागपूरच्या ठाण्यातही दादा पुन्हा गेले, या वेळी हातात अर्ज घेऊन. गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला असला तरी माहिती कुठल्याही ठाण्यात देता येते, हे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. कलम तोंडावर फेकायचं नाही, अर्जाच्या शेवटच्या ओळीत नम्रपणे लिहायचं, असं ठरवलं होतं. काल दिवाणी मामला म्हणणाऱ्या हवालदारांनी आज अर्ज वाचला, गाडीचा नंबर पाहिला आणि स्वतःच्या मोबाइलवरून मुकादमाला फोन लावला.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ वर, तक्रार नोंदवली. ही हेल्पलाइन मध्यस्थी करते, हुकूम काढू शकत नाही. अशा अक्षरचोर कंपनीकडून तिला उत्तर येईल अशी मला आशा नव्हती, आणि आलंही नाही. पण तक्रारीचा क्रमांक मिळाला, आणि तारखेसह नोंद झाली.

दादांचे एक मित्र पुण्यातल्या जुन्या सोसायटीत जाऊन रजिस्टरच्या पानाचा फोटो घेऊन आले.

आणि चौथं, ताईंनी फोनवर बोलणं बंद केलं. हे सगळ्यात अवघड गेलं. यापुढे फक्त लिहून. पहिला निरोप असा होता: ठरलेले २४,५००, जादा सामानाचे २,०००, एकूण २६,५००, त्यावर जीएसटी ४,७७०, मिळून ३१,२७०. ५,००० दिले, उरले २६,२७०. पैकी १३,००० बिल्टी आणि गाडी निघाल्याचा फोटो मिळाल्यावर, उरलेले १३,२७० सामान घरात उतरल्यावर. औषधं आणि दाखला यांचा एका अक्षराने उल्लेख नाही.

दुपारपर्यंत काही नाही. संध्याकाळी, हवालदारांचा दुसरा फोन गेल्यानंतर, एक वेगळाच आवाज आला. आधीच्या माणसापेक्षा वयस्क. "मॅडम, वो लड़का नया है, गलती हो गई." अर्धे पैसे आधी, अर्धे नंतर हे त्याला मान्य नव्हतं. रात्री दहापर्यंत घासाघीस चालली. शेवटी आकडा तोच राहिला, फक्त पहिला हप्ता १३,००० ऐवजी १६,००० झाला. बिल्टीचा फोटो आला, मालवाहू गाडीचा नंबर आला. नंबर वेगळा होता, म्हणजे सामान एका गाडीतून दुसऱ्यात हलवलं होतं. पैसे पाठवले.

या निर्णयावर दादांचा अजून राग आहे. त्यांना वाटतं, पोलिसांचा फोन गेल्यावर आणखी ताणलं असतं तर जीएसटीचे पावणेपाच हजार वाचले असते. कदाचित. पण पोलिसांचा तो फोन म्हणजे गुन्हा नोंदला गेला असं नव्हतं. त्या हवालदारांची ड्यूटी बदलली असती तर आम्ही पुन्हा शून्यावर आलो असतो.

शेवटी काय झालं

६ जूनला, नवव्या दिवशी, गाडी दारात उभी राहिली. ड्रायव्हरचा या भानगडीशी काही संबंध नव्हता. त्याच्याकडे एक छापील कागद होता: "सर्व माल सुस्थितीत मिळाला." सही करा, मग उतरवतो.

दादांनी सही केली नाही. आधी उतरवा, मोजू, मग सही. ड्रायव्हर तासभर चिडून बसला. मग ताईंनी त्याला जेवायला वाढलं, भाड्याच्या मोठ्या कूलरसमोर, आणि तो मवाळ झाला. ४९ नग निघाले. ५१ हवे होते. फ्रिजच्या दाराला पोचा, सागवानी टेबलाचा एक पाय निखळलेला. दादांनी त्याच कागदावर "२ नग कमी, फ्रिजला पोचा, टेबलाचा पाय तुटलेला" असं लिहून सही केली, ड्रायव्हरची घेतली आणि फोटो काढला. उरलेले १०,२७० दिले.

हरवलेल्या दोन खोक्यांपैकी एकात चादरी होत्या. दुसऱ्यात आजींची पितळी भांडी, त्यांच्या सासूबाईंकडून आलेला हंडा आणि कळशी.

नुकसानीसाठी नोटीस पाठवली. रस्ते वाहतुकीच्या २००७ च्या कायद्यात माल बुक केल्यापासून १८० दिवसांच्या आत वाहतूकदाराला लेखी नोटीस द्यावी लागते, नाहीतर पुढे दावाच करता येत नाही. स्पीड पोस्टाने पाठवलेलं पाकीट "या पत्त्यावर आढळले नाहीत" म्हणून परत आलं. बिल्टीवरचा जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकून पाहिला. नोंदणी रद्द झालेली होती. म्हणजे ४,७७० कर कोणाच्या खिशात गेला ते वेगळं सांगायला नको.

ताईंनी जिल्हा ग्राहक आयोगात ई-जागृती पोर्टलवरून तक्रार केली आहे. ती त्यांना राहत्या जिल्ह्यात, नागपुरातच, करता आली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ही सोय केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रारीत ज्याच्या नावावर यूपीआयचे पैसे गेले त्याला आणि गाडीच्या नोंदणीकृत मालकाला धरलं आहे. तारखा पडताहेत.

आणि हिशोब. ३१,२७० गाडीला, १,२०० चहापाण्याला, आठ-नऊ दिवसांच्या गाद्या, कूलर, बाहेरचं जेवण, औषधं मिळून १०,९००. एकूण ४३,३७०. जिने लिफ्टचं दार मोजलं होतं त्या कंपनीचा भाव होता ४५,४३०. दोन हजार साठ रुपये वाचले, हंडा-कळशी न धरता.

वेगळं काय करता आलं असतं

तारीख. मेअखेर हा वर्षातला सगळ्यात गर्दीचा आठवडा. शाळा, बदल्या आणि करार सगळे एकदम संपतात, चांगल्या कंपन्यांच्या गाड्या आधीच ठरलेल्या असतात. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, हे या पुणेकर कुटुंबाच्या लक्षातच आलं नाही. ताईंनी एकट्यांनी पुढे जाऊन रुजू व्हायचं, आणि घरमालकाकडून पंधरा दिवस वाढवून घेऊन बाकीच्यांनी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात निघायचं, हे जमण्यासारखं होतं. पुण्यात तोवर पाऊस लागला असता हे खरं. बंद गाडी आणि प्लास्टिकचा कागद, एवढ्याने ते भागलं असतं असं मला वाटतं, ताईंना नाही वाटत.

सर्वेक्षण. घरी येऊन सामान न पाहता दिलेला भाव हा भाव नव्हे, तो फक्त फोन चालू ठेवण्यापुरता आकडा असतो. यादी खोल्यांनुसार, नगांसह, पुस्तकं खोक्यांत मोजून द्यायला हवी होती. कागदावर पॅकिंग, चढउतार, मजला, टोल, कर, विमा यांच्यापुढे रक्कम किंवा "समाविष्ट" असा शब्द.

जीएसटी नंबर. तो पोर्टलवर टाकून पाहायला दोन मिनिटं लागतात. आम्ही ते पैसे देऊन, सामान हरवून झाल्यावर केलं.

बिल्टी. सामान चढण्याच्या आधी नव्हे, पण गाडीचं दार लागण्याच्या आधी नक्की. तिच्यावर नगांची संख्या, गाडीचा नंबर, पत्ता आणि मालाची किंमत लिहून घ्यायची. रस्ते वाहतुकीच्या त्या २००७ च्या कायद्यात वाहतूकदाराची जबाबदारी साधारण भाड्याच्या दहापटीपर्यंत बांधलेली आहे, आणि तीही जाहीर केलेल्या किमतीपेक्षा जास्त नाही. किंमत जास्त असेल तर ती आधी जाहीर करावी लागते. हंड्याची किंमत काय लिहायची, हा प्रश्न मात्र मी आजींना विचारला नाही.

दादांनी एक दिवस मागे राहून गाडीबरोबर गोडाउनपर्यंत जायला हवं होतं का? इथे माझं आणि ताईंचं एकमत नाही. त्यांना वाटतं, त्याने काही फरक पडला नसता, उलट एकट्या माणसाला गोडाउनमध्ये दमदाटी झाली असती. मला वाटतं, जाण्याची गरज नव्हती, फक्त "मी बरोबर येतो" एवढं मुकादमासमोर म्हणून त्याचा चेहरा पाहायला हवा होता.

आणि एक पिशवी. औषधं, दाखले, चाव्या, दागिने, चार्जर, दोन दिवसांचे कपडे, आणि आजींना विचारून, जे गेलं तर त्यांना झोप लागणार नाही ते. ती पिशवी सामान बांधायला माणसं घरात शिरण्याच्या आधी शेजाऱ्यांकडे ठेवून द्यायची. ताईंनी फोनवर औषधांचं बोलून दाखवलं याबद्दल त्या अजून स्वतःला बोल लावतात. पण औषधं गाडीत नसती, तर बोलायला काही नव्हतंच.

ऑक्टोबरात त्यांनी नागपुरातच दुसऱ्या घरात सामान हलवलं, चार किलोमीटरवर. या वेळी यादी आजींनी केली, जुन्या वहीत, खोलीनुसार, पेन्सिलने नंबर घालून. पुस्तकांची खोकी त्यांनी स्वतः मोजली. सोळा निघाली.